एन्टर दाबण्याआधी

प्राजू, जुने संगणक विकण्याआधी साफ करायचं काम ऑफिसात तुझ्याकडे आलंय, हे ऐकून बरं वाटलं. हिशेबाचं ऑफिस आहे, त्यामुळे त्या मशीनांत गुजरीतल्या सराफाचा ताळेबंद असेल, कुणाचं पॅन, कुणाच्या कर्जाचे कागद. फाइल डिलीट करणं किंवा क्विक फॉरमॅट मारणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं जागेवरच राहतात. राजारामपुरीतून ते मशीन कुणाच्या हाती जाईल, सांगता येत नाही. म्हणून पानांवरच नवं लिहायचं.

लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू कर. पहिली कमांड ‘एलएसबीएलके’. ती डिस्कांची यादी दाखवते, बाकी काही करत नाही. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ या नावांवर विसंबू नकोस, ती पुढच्या वेळी बदलू शकतात. आकार, मॉडेल आणि सिरियल नंबर डिस्कवरच्या लेबलाशी जुळव. जी डिस्क ठेवायचीय तिची केबलच काढून ठेव. ‘डीडी’ काय नि ‘श्रेड’ काय, डिस्कवर नवं लिहिणाऱ्या या कमांड ‘नक्की ना?’ असं विचारत नाहीत गं. ते तूच स्वतःला विचारायचं. आधी एखाद्या रिकाम्या पेनड्राइव्हवर हात बसव.

फिरत्या हार्डडिस्कला ‘श्रेड’ चांगलं. ‘व्ही’ लावलास की काम कुठवर आलं ते दिसतं, ‘एन १’ म्हणजे एकच फेरी, ‘झेड’ शेवटी सगळी शून्यं भरतं. कुणी ३५ फेऱ्या मार म्हणेल. तो आकडा पीटर गटमन यांच्या १९९६च्या निबंधातला, त्या काळच्या डिस्कांसाठीचा. आजच्या हार्डडिस्कला एक फेरी सहसा पुरते, असं अमेरिकेची निस्ट ही मानकसंस्थाही सांगते. १ टीबीच्या एका फेरीला दोनेक तास जातात, तेव्हा सकाळीच सुरू कर.

एसएसडीचं वेगळं. ती आतल्या आत लिहायची जागा बदलत राहते, आणि तिचा राखीव भाग ‘श्रेड’ला दिसतच नाही. तिला पुसायचा आदेश तिच्याच भाषेत द्यावा लागतो: साटा असेल तर ‘एचडीपार्म’मधलं सिक्युअर इरेज, एनव्हीएमई असेल तर ‘एनव्हीएमई फॉरमॅट’, तेही सिक्युअर इरेजचा पर्याय लावून.

२०१९ किंवा २०२१च्या महापुरात भिजलेली एखादी डिस्क कपाटात निघाली आणि यादीत आलीच नाही, तर ती कोरी झाली असं समजू नकोस. जाणकार तिच्यातूनही माहिती काढू शकतात. आतल्या तबकड्यांना ड्रिलनं भोकं पाडून घे, मगच ती ई-कचऱ्यात दे.

सुरुवात करण्याआधी बॅकअप उघडून बघ आणि सिरियल नंबरांच्या यादीवर साहेबांची सही घे. नवीन आहेस, म्हणून ‘आटप लवकर’ म्हणतील. तरी नंबर जुळेपर्यंत थांबायचं. लोकांनी विश्वासानं दिलेले कागद आहेत ते, आणि इथं थांबायचा हक्क तुझा आहे.