मूत्रपिंडांची राखण: ताटातून की डबीतून?

छात्रमित्रांनो, दतिया गेट, खंडेराव गेट, ओरछा गेट ही झाशीच्या जुन्या तटबंदीची दारे. कोणाला जाऊ द्यायचे आणि कोणाला अडवायचे, हे दारावरच ठरे. शरीरात असे काम मूत्रपिंडे करतात. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी एक सूक्ष्म गाळणी असते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग रक्तात परत घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. युरिया, क्रिएटिनिन बाहेर जातात, प्रथिने आत राहतात.

इजा कशी होते?
एवढे पाणी आणि क्षार परत ओढून घ्यायला भरपूर ऊर्जा लागते. ती तयार होताना 'मुक्त मूलके' नावाचे अतिक्रियाशील कण निर्माण होतात. निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्त करते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान यांमुळे ते वाढतात व गाळणीला इजा करतात. बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. सुरुवातीला काहीच दुखत नाही, हाच मोठा धोका.

ताटातले रक्षक
क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, कॅरोटिन यांसारखे अँटिऑक्सिडंट मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात. थंडीत झाशीच्या बाजारात ते स्वस्तात मिळतात: आवळा, पेरू, गाजर आणि बथुआ, म्हणजे आपला चाकवत. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खायला सांगते.

असा आहार घेणाऱ्यांत मूत्रपिंडविकार कमी आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. पण अशी माणसे बहुधा व्यायामही करतात आणि मीठही कमी खातात. म्हणून सारे श्रेय अँटिऑक्सिडंटना देता येत नाही.

मग गोळ्या का नकोत?
फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या. १९९४ मध्ये निष्कर्ष आले: फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला होता. शरीराची अँटिऑक्सिडंट यंत्रणा चेतवणारे बार्डोक्सोलोन हे औषध मधुमेही मूत्रपिंडरुग्णांना देऊन पाहिले. हृदय निकामी होण्याच्या घटना वाढल्याने ती चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेतून शरीरात ऑक्झॅलेट तयार होते व मूतखड्याचा धोका वाढतो. फळातून एवढी मात्रा सहसा पोटात जात नाही.

छात्रांनी लक्षात ठेवावे
१. झाशीच्या उन्हाळ्यात कवायतीआधी, मध्ये आणि नंतर पाणी प्या. लघवी गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडते आहे.
२. अंग दुखते म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना ही औषधे मूत्रपिंडांना जास्त इजा करतात.
३. खडतर धावेनंतर स्नायू फार दुखून लघवी चहाच्या रंगाची झाली, तर लपवू नका; ताबडतोब एमआय रूम गाठा.

पालकांसाठी
घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा. मूत्रपिंडविकार आधीच असेल, तर मात्र वरचा फळांचा सल्ला जसाच्या तसा लागू करू नका. नारळपाणी, केळी, पालक यांतील पोटॅशियम अशा रुग्णाच्या रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात; कमरख तर त्यांना विषासमान ठरते. काय खावे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

स्वाध्याय
१. पाहणीत दिसलेला संबंध आणि चाचणीतला निष्कर्ष यांत फरक काय?
२. मेसच्या आठवड्याच्या जेवणातील फळे-भाज्यांची यादी करा. कोणत्या दिवशी त्या कमी पडतात?