या अंकाचा पाठ : घराचा भोंगा आपणच वाजवायचा



गटाच्या बैठकीला गेले की बचत, हप्ते, सह्या होतात आणि मग एकच विषय निघतो. "मॅडम, पोरगं मोबाईल सोडतच नाही. काहीतरी सांगा." तुळिंजच्या चाळीतला गट असो की गावाकडचा, तक्रार तीच. म्हणून या अंकाचा पाठ मोबाईल आणि मुलांचा अभ्यास यावर आहे. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी मध्ये थांबवून बोलावं. शेवटी चर्चेचे प्रश्न दिले आहेत.

आधी माझी चूक

मी या कामात नवीन होते तेव्हाची गोष्ट. तुळिंजमधल्या एका बैठकीत हाच विषय निघाला आणि मी पटकन बोलून गेले, "काढून घ्या ना फोन. परीक्षेपर्यंत द्यायचाच नाही." समाजकार्याची पदवी नुकतीच हातात आली होती, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार!

एका ताईंनी ते खरंच केलं. त्यांना दोन मुलं. मुलगी अकरावीला, मुलगा नववीला. मुलीने निमूटपणे फोन दिला. मुलाने आदळआपट केली, जेवला नाही, म्हणून त्याचा त्याच्याकडेच राहिला. तीन आठवड्यांनी मुलीला मैत्रिणीकडून कळलं की शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची तारीख कॉलेजच्या ग्रुपवर आली होती आणि निघूनही गेली होती.

ताई मला काही बोलल्या नाहीत. मुलगी बोलली. "ताई, जो ऐकतो त्याचाच फोन जातो का?"

मला उत्तर देता आलं नाही. हा पाठ लिहिताना तीच मुलगी डोळ्यासमोर आहे.

एका गावाने काय केलं

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. वस्ती साधारण तीन हजारांची. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरली, तशी तिथल्याही मुलांच्या हातात फोन आला. पुढे शाळा उघडल्या, पण फोन काही हातातून सुटला नाही. शाळेतून आलं की मुलं मोबाईल घेऊन बसायची, आणि मोठी माणसं टीव्हीसमोर.

तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली, की संध्याकाळी ठरावीक वेळ अख्ख्या गावाने टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचा. सुरुवातीला पुरुष मंडळी हसली. मग महिलांची सभा झाली. तिथे बायकांनी स्वतःच कबूल केलं, की आपणही मालिका बघत बसतो. १४ ऑगस्ट २०२२ च्या त्या सभेत ठरलं आणि दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनापासून, सुरू झालं. संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा, टीव्ही-मोबाईल बंद व्हायचे. साडेआठला परत भोंगा वाजायचा. मधला दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, वाचायचं, घरच्यांनी एकमेकांशी बोलायचं. आशाताई, अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन समजावून आले. ही बातमी पुढे देशभर गेली.

यातल्या तीन गोष्टी लक्षात घ्या.

एक, फोन कुणाचाही काढून घेतला नाही. वेळ ठरवली.

दोन, नियम फक्त पोरांना नव्हता. आईची मालिका आणि बाबांचा व्हॉट्सअप, दोन्ही बंद.

तीन, एका घराने एकट्याने केलं नाही. शेजारच्या घरात क्रिकेट चालू असताना आपलं पोरगं पुस्तक घेऊन बसेल का? सगळ्यांचं एकदम बंद झालं, म्हणून जमलं.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलच नको असा ठराव केला. त्या गावाची काळजी खरी आहे. पण आपल्याकडे शाळेचा गृहपाठ, परीक्षेचं वेळापत्रक, प्रवेशाचे फॉर्म सगळं फोनवरच येतं. पूर्ण बंदी केली तर काय होतं, ते मी वर सांगितलंच आहे.

पोरगं आळशी नाही, फोन तसाच बनवलाय

आपण मुलांना म्हणतो, "तुला कळत नाही का?" पण रात्री दहाला एक रील बघायला घेतलेली मी स्वतः साडेअकराला भानावर आलेली आहे. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. बोटाने वर सरकवत राहा, तळ लागतच नाही. मध्येच टिंग वाजतं. माणूस जितका जास्त वेळ बघेल तितक्या जास्त जाहिराती दिसतात, आणि कंपनीची कमाई त्यावरच असते. समोर एवढी मोठी यंत्रणा आणि इकडे तेरा वर्षांचं पोर. नुसतं "मनावर ताबा ठेव" म्हणून कसं चालेल?

युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालात म्हटलंय, की एकदा लक्ष विचलित झालं की मुलाला परत अभ्यासात मन लावायला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे तासाभरात फोन तीनदा वाजला, तर तो तास गेलाच म्हणा. पुस्तक समोर उघडं असलं तरी.

मुलगा आणि मुलगी

'असर' २०२४ हा ग्रामीण भारताचा अहवाल सांगतो, की १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो सोशल मीडियासाठी वापरला होता, तर अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. म्हणजे अभ्यासही होतो, पण करमणूक पुढे आहे.

आता दुसरा आकडा बघा. फोन वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के आणि मुली २७ टक्के. आधीच मुलीच्या हातात फोन कमी येतो, आणि शिस्त लावायची वेळ आली की पहिला तिचाच जातो. "मुलीची जात, काही झालं तर?" असं आपण म्हणतो. पण उद्या नोकरीचा अर्ज, बँकेचं काम तिलाही करायचं आहे. नियम करायचा तर दोघांना सारखा.

आपला सात कधी वाजतो?

मोहित्यांच्या वडगावात सात वाजता जमलं. तुळिंजमध्ये सातला निम्म्या ताया लोकलमध्ये लटकलेल्या असतात. घरी येऊन पाणी, भाकरी, भांडी होईपर्यंत नऊ वाजतात. खोली एकच, त्यातच टीव्ही, त्यातच अभ्यास. तेव्हा सातचाच हट्ट नको. शेतावरून दिवेलागणीला घरी येणाऱ्यांनी सात ते आठ घ्या, नोकरीवाल्यांनी नऊ ते दहा घ्या. अर्ध्या तासाने सुरुवात केली तरी चालेल. पण रोज तीच वेळ हवी. बचतीची तारीख आपण महिन्याला बदलतो का? तसंच हे.

मोबाईलची पंचसूत्री

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. त्याच धर्तीवर घरासाठी ही पाच सूत्रं:

१. नियमित बैठक. रविवारी दहा मिनिटं घरातले सगळे बसा. मुलांना विचारा, फोन कशासाठी लागतो? शाळेचा ग्रुप, व्हिडिओचा तास, गेम, मैत्रिणी, सगळं लिहून काढा. मुलांनी स्वतः केलेला नियम मुलं जास्त पाळतात.

२. वेळेची बचत. ठरलेल्या वेळी सगळ्यांचे फोन एका डब्यात किंवा टोपलीत. पहिला फोन आईचा, दुसरा बाबांचा. तातडीचा फोन येणार असेल तर रिंग चालू ठेवा, इंटरनेट बंद करा.

३. त्या वेळेला काम. रिकामा तास परत फोनकडेच नेतो. पाढे, वाचन, कॅरम, भाजी निवडता निवडता गप्पा, काहीही चालेल. आई शिकलेली नसेल तरी मुलाला म्हणा, "आज काय शिकलास ते मला सांग." दुसऱ्याला सांगताना त्याचीही उजळणी होते.

४. झोपताना फोन लांब. चार्जिंग उशाशी नको, दाराजवळच्या नाहीतर ओट्याजवळच्या बोर्डाला लावा. सकाळच्या गजरासाठी साधं घड्याळ आणा.

५. हिशोब लिहिणे. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं. आज कोणतं अ‍ॅप किती वेळ चाललं, ते तिथे दिसतं. आठवडाभर रोजचा आकडा वहीत लिहा. मुलांचा आणि आपलाही! पैशाचा हिशोब आपण पै-पैचा ठेवतो, वेळेचा कधी ठेवलाच नाही.

तिथेच प्रत्येक अ‍ॅपला रोजची मर्यादा घालता येते. यूट्यूबचं 'ऑटोप्ले' बंद केलं की पुढचा व्हिडिओ आपोआप लागत नाही. शाळेच्या ग्रुपचा आवाज चालू ठेवा, बाकीचे ग्रुप म्यूट करा. हे आपल्याला जमत नसेल तर मुलांनाच करायला सांगा. आपण शिकतोय हे बघून त्यांनाही बरं वाटतं.

कॉलेजची मुलं

सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला डब्यात फोन टाक म्हटलं तर तो हसेल. त्याच्याशी वेगळं बोलावं लागतं. पंचेचाळीस मिनिटं अभ्यास, फोन दुसऱ्या बाजूला उलटा ठेवलेला, मग दहा मिनिटं फोन, असा करार करून बघा. वर्गात फोन बॅगेत. आणि एक गोष्ट मात्र ठामपणे सांगा. कानात इअरफोन घालून रस्ता किंवा रूळ ओलांडायचा नाही. नालासोपाऱ्याची गर्दी आणि गाड्या आपल्याला माहीत आहेत.

शाळेच्या पालकसभेतही हा विषय काढा. गृहपाठ रात्री दहाला ग्रुपवर टाकण्याऐवजी वर्गातच वहीत लिहून देता येईल का, असं विचारायला हरकत नाही. एकट्या आईने विचारलं तर राहून जातं, गटाच्या पाच-सहा जणींनी मिळून विचारलं तर ऐकलं जातं.

सवयीच्या पुढे गेलं असेल तर

फोन काढला की मूल हिंसक होतं, झोपत नाही, जेवत नाही, शाळा सोडायला लागलंय, किंवा जिवाचं बरंवाईट करायचं बोलतं, तर ओरडू नका आणि लपवूही नका. मानसिक आरोग्यासाठी सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. मूल संकटात असेल तर १०९८. गेममध्ये किंवा ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर लगेच १९३०. हे तीन नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

बैठकीत चर्चेसाठी

१. काल आपण स्वतः किती वेळ फोन बघितला? प्रत्येकीने खरं सांगायचं.
२. आपल्या घरात मुलाला आणि मुलीला फोनचा नियम सारखा आहे का?
३. आपल्या चाळीत, पाड्यावर किंवा आळीत सगळ्यांना जमेल अशी वेळ कोणती?
४. ती वेळ झाली हे सगळ्यांना कळायला भोंगा कोणता? देवळाची घंटा, थाळी, की पोरांनी दिलेली आरोळी?

गृहपाठ : गटातल्या किमान पाच घरांनी एकच वेळ ठरवा आणि २१ दिवस करून बघा. चुकलेला दिवसही वहीत लिहा, त्यात लाज नाही. पुढच्या बैठकीत वही घेऊन या.

त्या ताईंच्या घरी आता फ्रिजवर स्टीलचा डबा असतो. नऊ वाजले की त्यात चार फोन जातात. मुलाचा अजूनही कुरकुरतच जातो. वही मुलगी लिहिते. गेल्या महिन्यात तिने मला दाखवली. सगळ्यात जास्त खाडे तिच्या बाबांचे होते, आणि ते तिने लाल पेनाने लिहिले होते.

तुमची क्षेत्र समन्वयक,
तुळिंज