दवाखान्यातील सामायिक फोल्डर आणि आपला स्वतःचा क्लाउड

बालरोगतज्ज्ञाच्या नोंदी दीर्घायुषी असतात. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. परंतु अर्भकाचा वाढीचा व लसीकरणाचा तक्ता त्याच्या शाळाप्रवेशानंतरही उपयोगी पडतो. खजराना येथील माझ्या दवाखान्यात या नोंदी स्वागतकक्षातील संगणकाच्या सामायिक फोल्डरमध्ये असतात. रात्री घरून एखादी नोंद पाहावयाची झाल्यास तिचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर मागवणे, ही रूढ झालेली पद्धत मला रुग्णाच्या विश्वासाशी विसंगत वाटते.

त्यापेक्षा स्वतःच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड ही २०१६ पासूनची मुक्तस्रोत प्रणाली बसवून तिला हे फोल्डर जोडावे. फायली जागच्या हलत नाहीत; सर्व्हर केवळ दाराचे काम करतो.

प्रथम स्वागतकक्षातील संगणकाला राऊटरमधून कायमचा अंतर्गत पत्ता द्यावा. त्यावर सर्व्हरसाठी वेगळे खाते काढून त्यास फक्त वाचनाचा अधिकार ठेवावा. सर्व्हरवर ‘एसएमबी क्लायंट’ हे साधन हवे. मग व्यवस्थापकाच्या खात्यातून ‘एक्स्टर्नल स्टोरेज’ सुरू करून एसएमबी हा प्रकार निवडावा आणि संगणकाचा पत्ता, फोल्डरचे नाव, खाते व पासवर्ड भरावा. हिरवी खूण उमटली की जोडणी झाली. फोल्डर कोणास दिसावे, तेथे डॉक्टरांचाच गट नेमावा. (रात्री तो संगणक बंद करण्याची सवय मात्र मोडावी लागते!)

एक बाब वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची. दवाखान्यात थेट ठेवलेली नवी फाईल नेक्स्टक्लाउडला तत्क्षणी कळत नाही. फोल्डर उघडल्यावर तो तपासणी करतो. घरच्या संगणकात आपोआप उतरणाऱ्या प्रतीवर विसंबल्यास नवजाताच्या दुपारच्या बिलिरुबिनऐवजी सकाळचा आकडा समोर येऊ शकतो. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी ब्राउझरमधून फोल्डर प्रत्यक्ष उघडावे, तसेच सर्व्हरवर ठरावीक वेळाने फायली तपासण्याची आज्ञा लावून ठेवावी.

एसएमबीचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर कदापि उघडू नये. बाहेरून फक्त एचटीटीपीएसने नेक्स्टक्लाउडपर्यंतच यावे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने एसएमबीच्या जुन्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीतूनच ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले होते. ती आवृत्ती बंदच असावी.

ही जोडणी म्हणजे दुसरी प्रत नव्हे. स्वागतकक्षातील हार्डडिस्क निकामी झाली, तर दोन्हीकडे काहीच उरणार नाही. त्यासाठी दर आठवड्यास वेगळ्या डिस्कवर प्रत घेऊन ती संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी आणि अधूनमधून तिच्यातील एखाद्या बाळाची फाईल उघडून पाहावी.