क्लासबाहेरचं इंग्रजी

चि. सोनू,


ताई फोनवर म्हणाली, तू इंग्रजी बोलायच्या क्लासला नाव घालणार आहेस. जरूर घाल. पण आठवड्यातल्या चार तासांत भाषा येत नाही. ती अंगवळणी पडते घरी, रोजच्या वाचण्या-ऐकण्याने. आणि तेही सोप्यापासून सुरुवात केली तरच.

आर. के. नारायण यांचं १९३५ सालचं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ वाचायला घे. त्यातली शाळा, परीक्षा, क्रिकेट सगळं आपल्या ओळखीचं आहे आणि वाक्यं सरळ आहेत. दर शब्दाला थांबू नकोस. पुन्हा पुन्हा आडवा येणारा शब्द तेवढा शोध. तोही शिकणाऱ्यांसाठी केलेल्या कोशात. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी असाच कोश रचला. ऑक्सफर्डची ‘अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ ती हीच. तिच्यात अर्थ सोप्या इंग्रजीत असतो आणि शब्द वाक्यात कसा बसतो तेही दाखवलेलं असतं. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लागत नाही, हे अशा उदाहरणांतूनच लक्षात राहतं.

ऐकण्यासाठी बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम फुकट मिळतो, सोबत छापील संवादही असतो. आधी नुसतं ऐक, मग मजकूर बघत ऐक, शेवटी त्यांच्याबरोबर मोठ्याने म्हण. मनातल्या मनात वाचून जीभ वळत नाही.

लिहिण्यासाठी एक जुनी रीत सांगते. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचे शिक्षक रॉजर अॅस्कम यांनी लॅटिन शिकवण्यासाठी ती सांगितली. त्यांचं पुस्तक १५७० मध्ये छापलं गेलं. एक इंग्रजी परिच्छेद मराठीत उतरव. दोन दिवसांनी मूळ झाकून त्याचं पुन्हा इंग्रजी कर आणि ताडून बघ. ‘ए’ आणि ‘द’ कुठे गाळलेस, काळ कुठे चुकला, हे कोणी न सांगता तुझं तुलाच दिसेल.

बोलताना कोणी हसलं तर गप्प बसू नकोस. मराठी शाळेत शिकलास यात काही उणं नाही. मराठी वाक्य नेटकं लिहिणारा मुलगा इंग्रजीही नेटकं लिहायला शिकतो. रोज अर्धा तास दे, वर्षभर खाडा करू नकोस. क्लास सुरू होण्याची वाट न बघता आजच बस.

तुझी,
मावशी