हॉकीतील शिस्त आणि संख्याबळ

हॉकीचा सामना धावण्याच्या वेगावर आणि स्टिकच्या कौशल्यावर जिंकला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही. परंतु अपुरा आहे. दोन तुल्यबळ संघ समोरासमोर येतात, तेव्हा पंचांनी दिलेली शिक्षा आणि त्या शिक्षेचा संघाने केलेला उपयोग यांवरच बहुधा निकाल ठरतो. महाविद्यालयीन खेळाडूंनी व त्यांच्या क्रीडाशिक्षकांनी या अंगाचा अभ्यास करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

गोमंतकीयांना हा खेळ परका नाही. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताने पहिले सुवर्णपदक जिंकले. त्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस हे मूळचे गोमंतकीय खेळाडू होते. आज म्हापशाजवळ पेडे येथील क्रीडा संकुलात कृत्रिम हिरवळीचे हॉकी मैदान आहे. ते ज्या बार्देश तालुक्यात आहे, तो पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांना लागून आहे. पेडणे व साखळी येथील शासकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ही सोय दूरची म्हणता येणार नाही.

अकरा विरुद्ध दहा

नियमभंगाबद्दल पंच तीन प्रकारची कार्डे दाखवितात. हिरव्या कार्डाने खेळाडू २ मिनिटे, तर पिवळ्या कार्डाने किमान ५ मिनिटे मैदानाबाहेर जातो. लाल कार्ड मिळालेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. या काळात त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेता येत नाही. संघाला एक गडी कमी घेऊन खेळावे लागते.

थंड प्रदेशांतील बर्फावरच्या हॉकीत अशा संख्याधिक्याच्या काळाला ‘पॉवर प्ले’ म्हणतात. तेथे २ मिनिटांच्या साध्या शिक्षेच्या काळात प्रतिपक्षाने गोल केला, तर बाहेर बसलेला खेळाडू लगेच परत येतो. आपल्या मैदानी हॉकीत तशी सवलत नाही. गोल झाला तरी शिक्षेची मुदत पुरी भोगावी लागते. रागाच्या एका क्षणाची किंमत सारा संघ मोजतो, ती अशी.

पेनल्टी कॉर्नर

गोलसमोरील अर्धवर्तुळाकार क्षेत्रात, म्हणजे ‘डी’मध्ये, बचावपटूकडून नियमभंग झाल्यास सामान्यतः पेनल्टी कॉर्नर दिला जातो. त्या नियमभंगामुळे होऊ घातलेला गोल हुकला असेल, तर पेनल्टी स्ट्रोक मिळतो. त्या वेळी ६.४० मीटरवरून मारलेल्या चेंडूसमोर एकटा गोलरक्षक उभा असतो.

पेनल्टी कॉर्नरच्या वेळी आक्रमक संघाचा एक खेळाडू गोलखांबापासून किमान १० मीटरवर पाठरेषेवरून चेंडू ढकलतो. दुसरा तो डीच्या बाहेर अडवितो आणि तिसरा गोलच्या दिशेने मारतो. बचाव करणाऱ्या संघाचे गोलरक्षकासह जास्तीत जास्त ५ खेळाडू पाठरेषेमागे उभे राहू शकतात. उरलेल्यांना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. चेंडू सुटण्यापूर्वी एखादा बचावपटू उतावीळपणे पुढे धावला, तर त्यालाही मध्यरेषेपलीकडे पाठवितात आणि त्याची जागा भरता येत नाही. पाचांचे चार होतात. येथेही शिस्त सुटली की संख्याबळ घटते.

पेनल्टी कॉर्नरवर काय अवलंबून असते, हे दोन सामन्यांवरून कळेल. १९७५ च्या विश्वचषक स्पर्धेत मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारत पिछाडीवर होता. अखेरच्या मिनिटांत अस्लम शेर खान यांनी पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. पुढे तो सामना आणि विश्वचषकही भारताने जिंकला. टोकियो येथे ५ ऑगस्ट २०२१ रोजी झालेल्या कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीला १३ पेनल्टी कॉर्नर मिळाले. त्यांपैकी एकावरच गोल झाला. शेवटच्या काही सेकंदांतील पेनल्टी कॉर्नर श्रीजेश यांनी रोखला आणि भारताने ५–४ असा विजय मिळविला.

पॅरिसचा धडा

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४ ऑगस्ट २०२४ रोजी ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या सामन्यात १७ व्या मिनिटाला अमित रोहिदास यांना लाल कार्ड मिळाले. उरलेला सुमारे ४३ मिनिटांचा खेळ भारताने दहा खेळाडूंनिशी केला. तशा स्थितीतही हरमनप्रीत सिंग यांनी पेनल्टी कॉर्नरवर गोल केला. सामना १–१ असा बरोबरीत राखून भारताने शूटआऊटमध्ये ४–२ असा विजय मिळविला.

परंतु हिशेब तेथे संपला नाही. त्या कार्डामुळे रोहिदास जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना खेळू शकले नाहीत. पेनल्टी कॉर्नरच्या बचावात सर्वांत आधी धावून जाणारा गडीच संघात नव्हता. भारत २–३ असा हरला. जर्मनीच्या तीन गोलांपैकी एक पेनल्टी कॉर्नरवर, तर एक पेनल्टी स्ट्रोकवर झाला होता. धैर्याने एक सामना वाचविता येतो; गमावलेल्या खेळाडूची उणीव मात्र पुढेही जाणवते.

सरावाची दिशा

या विवेचनातून महाविद्यालयीन संघांसाठी काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नियमांचे पाठ मैदानावरील सरावाइतकेच नियमितपणे घ्यावेत. दुसरी, चेंडू ढकलणारा, अडविणारा व मारणारा असे त्रिकूट निश्चित करून त्यांचा सराव रोज घ्यावा. त्यासाठी पूर्ण मैदान लागत नाही. तिसरी, पाच बचावपटूंची कामे आधीच वाटून द्यावीत व त्यांना मुखरक्षक द्यावा. चौथी, सरावसामन्यात काही मिनिटे मुद्दाम दहा विरुद्ध अकरा असा खेळ घ्यावा. अशा वेळी घाई न करता चेंडू आपल्याकडे राखणे हाच दहा जणांचा मोठा बचाव असतो.

प्रेक्षक म्हणून येणाऱ्या ग्रामस्थांनीही हे नियम जाणून घेतल्यास पंचांच्या निर्णयावरील वाद कमी होतील. पंचांशी हुज्जत घालणारा खेळाडू स्वतःच्याच संघाचा एक गडी कमी करतो, एवढे प्रत्येक खेळाडूच्या मनावर ठसले, तरी गावातून आलेला साधा संघदेखील बलाढ्य संघाशी बरोबरीने झुंजू शकेल.