उभ्याने गायिलेले महाभारत

प्रस्तावना

कीर्तनकार उभा राहून आख्यान लावतो आणि मागचे टाळकरी त्याचे ध्रुवपद उचलून धरतात, हे तुम्ही पाहिले असेल. शाहिराच्या मागे झीलकरी असतात, हेही तुम्हांला ठाऊक असेल. छत्तीसगडमध्ये असाच एक कथागायनाचा प्रकार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. त्याचे नाव पंडवानी, म्हणजे पांडवांची कथा. या पाठात पंडवानी देशोदेशी पोहोचविणाऱ्या तीजनबाई यांच्या कलाजीवनाचा परिचय करून दिला आहे.

मूळ पाठ

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दुर्ग आणि रायपूर यांच्या दरम्यान भिलाई हे शहर आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार येथे पोलादाचा कारखाना उभारण्यात आला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या नाना प्रांतांतून माणसे कामासाठी येथे आली. या नव्या नगरीजवळच्या गनियारी या खेड्यात १९५६ साली एका पारधी कुटुंबात तीजनबाईंचा जन्म झाला.

घरी शाळेचे वारे नव्हते. पण आजोळचे आजोबा ब्रिजलाल पारधी महाभारताच्या कथा गात असत. सबलसिंह चौहान यांनी हिंदी पद्यात रचलेल्या महाभारताचा त्यांना आधार होता. लहानगी तीजन ते ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता तिला प्रसंगामागून प्रसंग मुखोद्गत झाले. अक्षरओळख नसलेल्या मुलीने एवढे मोठे काव्य कंठात साठवावे, याचे शहरी श्रोत्यांना पुढे फार नवल वाटले. वास्तविक मौखिक परंपरेत यात नवल काही नाही. जात्यावर बसून शेकडो ओव्या म्हणणाऱ्या आपल्याकडच्या बायांनी तरी पोथी कुठे पाहिली होती? उमेदसिंह देशमुख यांच्याकडेही तीजनने या कलेचे धडे घेतले.

पंडवानीच्या दोन शैली आहेत. वेदमती शैलीत गायक बसून, ग्रंथातील कथेला धरून गातो. कापालिक शैलीत तो उभा राहतो, फिरतो, अभिनय करतो आणि ऐन वेळी स्वतःच्या शब्दांत प्रसंग फुलवितो. स्त्रियांनी गायचेच तर बसून, वेदमती शैलीत गावे, असा त्या काळचा दंडक होता. उभे राहणे पुरुषांचे. आज हा भेद क्षुल्लक वाटेल. परंतु चारचौघांत उभी राहून, हात उंचावून, भीमाच्या आवेशाने गर्जना करणारी स्त्री गावाच्या नजरेला सोसवणारी नव्हती.

वयाच्या तेराव्या वर्षी चंदखुरी गावी तीजनने आपला पहिला जाहीर कार्यक्रम केला. बिदागी मिळाली दहा रुपये. गायन होते कापालिक शैलीत! बाराव्या वर्षीच तिचे लग्न लावून देण्यात आले होते. गाण्यापायी जातीने तिला वाळीत टाकले. तेव्हा तिने एक लहानशी झोपडी बांधली आणि ती एकटी राहू लागली. भांडीकुंडी आणि शिधा शेजाऱ्यांकडून उसना आणावा लागे. गाणे सोडले असते तर समाजात परत घेतले गेले असते, हा मार्ग तिच्यापुढे मोकळा होता. तिने तो स्वीकारला नाही.

तीजनबाईंचा प्रयोग कसा होत असे, हे समजून घेण्यासारखे आहे. एका हातात मोरपिसांनी सजविलेला तंबोरा, दुसऱ्या हातात करताल. मागे पेटी, तबला, ढोलक यांची साथ. साथीदारांपैकी एक 'रागी' असतो. तो कथेला हुंकार देतो, मध्येच शंका विचारतो आणि श्रोत्यांच्या मनातले बोलतो. रागी मंदावला की कथाही मंदावते, म्हणून त्याचे काम दुय्यम समजू नये. तंबोरा मात्र केवळ वाद्य राहत नाही. क्षणात तो भीमाच्या खांद्यावरची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य, तर कधी द्रौपदीचे मोकळे केस. तीजनबाईंचा आवाज घोगरा आणि भरदार होता. शास्त्रीय संगीताच्या कसोटीने त्याला गोड म्हणता येणार नाही. पण दुःशासनवधाच्या प्रसंगी गोड आवाज घेऊन करायचे काय? द्रौपदीच्या विटंबनेची कथा त्या गात, तेव्हा वाळीत टाकलेल्या स्त्रीचा संताप त्यात मिसळत असावा, असे मानण्यास जागा आहे.

नामवंत नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांच्या दृष्टीस ही गायिका पडली आणि तिच्या कलेला गावाबाहेरची दारे उघडली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यासमोर त्यांचे गायन झाले. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' या दूरदर्शन मालिकेतून १९८८ साली त्या घरोघरी दिसल्या. पुढे फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड अशा देशांतही छत्तीसगढी बोलीतले महाभारत घुमले. शब्द न कळणारे श्रोतेही त्यात रंगून जात.

भिलाई पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली. ही गोष्ट सन्मानांच्या यादीत हरवून जाते, परंतु ती महत्त्वाची आहे. कारण बिदागीवर लोककलावंताची चूल रोज पेटतेच असे नाही. सन्मानही लाभले : संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९९५ मध्ये, पद्मश्रीनंतर २००३ मध्ये पद्मभूषण, २०१८ मध्ये जपानचा फुकुओका पुरस्कार आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण.

भिलाईच्याच उषा बारले यांनी तीजनबाईंकडून पंडवानीचे शिक्षण घेतले. त्याही कापालिक शैलीत, म्हणजे उभ्यानेच गातात. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पाठगत प्रश्न

१. वेदमती व कापालिक या शैलींतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
२. पंडवानीतील रागी आणि पोवाड्यातील झीलकरी यांच्या कामात कोणते साम्य दिसते?
३. तुमच्या परिसरातील एखादी वडीलधारी स्त्री न वाचता कोणती गाणी वा कथा म्हणते, ते विचारून टिपून ठेवा.