हमी सरकारची, हप्ता आपला

2020 च्या मे महिन्यात कल्याणजवळच्या आंबिवली-मोहने भागातल्या धंदेवाल्यांमध्ये एक समजूत भलतीच पसरली होती. 'तीन लाख कोटी आलेत, तारण लागत नाही, हमी सरकारची. बुडालं तर सरकार भरेल.' माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांचे अहवाल अशी कामं करतो. शटर अर्धं वर करून बसलो, की येणारा प्रत्येक जण हे ऐकवून जायचा.

त्यातलं पहिलं अर्धं खरं होतं. 13 मे रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी छोट्या उद्योगांसाठी पतहमीची आपत्कालीन योजना जाहीर केली. 29 फेब्रुवारी 2020 ला तुमच्या धंद्यावर जेवढं कर्ज शिल्लक असेल, त्याच्या 20 टक्के नवं कर्ज मिळणार होतं. मुदत चार वर्षांची, त्यात पहिलं वर्ष मुद्दल भरायचं नाही आणि बँकेचं व्याज 9.25 टक्क्यांच्या वर जाणार नाही. पण हमी होती ती बँकेला. आपण थकलो तर सरकार बँकेचं नुकसान भरून देणार आणि बँक आपल्या मागे लागायची ती लागणारच. सिबिल खराब होणार ते आपलंच. हे कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, पण कागद वाचतो कोण?

माझी अवस्था सांगतो. कोरोनाची टाळेबंदी आली ती ऐन लग्नसराईच्या तोंडावर. एप्रिल-मेच्या मुहूर्तांच्या पत्रिका छापून, शंभर-शंभराचे गठ्ठे बांधून तयार होत्या. गिऱ्हाइकांनी विसार दिलेला, बाकी पत्रिका नेताना द्यायची. लग्नंच पुढे गेली, त्यामुळे पत्रिका न्यायला कुणी येईना. एका वधूपित्याने तर फोनवर विचारलं, "भाऊ, नुसती तारीख बदलून मिळेल का?" सोनेरी छपाईवरची तारीख कशी बदलणार! शेवटी त्या रद्दीत घातल्या, आणि चकचकीत कागदाला रद्दीवालासुद्धा नाक मुरडतो. लोकल बंद, त्यामुळे मुंबईहून कागद येणंही थांबलेलं. भाडं आणि दोन कारागिरांचा पगार मात्र चालू होता.

माझ्यावर बँकेचं सहा लाखांचं कर्ज होतं. रिझर्व्ह बँकेने आधी तीन महिने आणि मग 31 ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली. अनेकांनी ती माफी समजून घेतली. व्याज थांबलेलं नव्हतं. सहा लाखांवर 11 टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज 33 हजार होतं, ते कर्जात मिळवलं गेलं. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना व्याजावरचं व्याज सरकारने परत दिलं. माझ्या खात्यात साडेसातशेच्या आसपास रुपये आले. ज्याच्याकडे हप्ता भरण्यापुरते पैसे होते, त्याने हप्ता भरला तेच बरं झालं.

नव्या योजनेतून मला 1 लाख 20 हजार मिळू शकत होते. मुलीने मोबाइलवर हिशेब मांडला: पहिलं वर्ष महिना सव्वानऊशे रुपये नुसतं व्याज, मग तीन वर्षं महिना 3,800 च्या वर. जुना हप्ता आहेच. मी कर्ज घेतलं, पगार आणि भाडं भागलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्षभरात धंदा रुळावर येईल हा सगळ्यांचाच अंदाज फसला. एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत राज्यात लग्नाला 25 माणसं आणि दोन तास असा नियम आला. पंचवीस माणसांना पत्रिका कोण छापतं? व्हॉट्सॲपवर निमंत्रण गेलं आणि ती सवय नंतरही राहिली. धंदा नुसता थांबला असेल तर असं कर्ज उपयोगी पडतं, पण गिऱ्हाईकच बदललं असेल तर त्या पैशातून नवं काम उभं राहायला हवं. मी फ्लेक्स आणि स्टिकरची कामं धरली, म्हणून हप्ते निघाले.

शेजारच्या गॅरेजवाल्याला तर काहीच मिळालं नाही. त्याने यंत्रं घेतली होती वैयक्तिक कर्जावर आणि थोडं पतपेढीतून. धंदा खरा, पण कागदावर त्याचा पत्ता नाही. स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या एका मावशींचंही तसंच. जून 2020 मध्ये पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी आली, दहा हजारांचं कर्ज, वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात 7 टक्के सूट. त्यासाठी पालिकेचं ओळखपत्र, नाहीतर शिफारसपत्र लागायचं. दुसऱ्या लाटेत राज्य सरकारने फेरीवाल्यांना दीड हजार रुपये जाहीर केले, तेही फक्त नोंदणी असलेल्यांना. मावशी पंधरा वर्षं त्याच जागी बसतात, हे अख्ख्या आंबिवलीला माहीत होतं. यादीला माहीत नव्हतं.

त्या काळात एजंटांचं मात्र फावलं. छोट्या उद्योगांच्या 'उद्यम' नोंदणीचे कुणी हजार, कुणी दोन हजार घेत होतं. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. पतहमीच्या कर्जालाही प्रक्रिया शुल्क नव्हतं. 'साहेबांना द्यावे लागतात' म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

आमच्या गावाला बंद पडणं नवीन नाही. 2009 मध्ये इथली एनआरसी (नॅशनल रेयॉन) कंपनी बंद झाली, तेव्हा कामगारांबरोबर इथले दुकानदारही बसले. त्या दुकानदारांसाठी कुठली योजना आल्याचं मला आठवत नाही. म्हणून 2020 ची मदत मी कमी लेखत नाही. पण संकटात सरकार देतं ते बहुतेक कर्जच असतं, आणि ते आधीपासून नोंद असलेल्यालाच मिळतं.

तेव्हा कर्ज धंद्याच्या नावावर, धंद्याच्या चालू खात्यातून घ्या. बँकेचा 'तुमचं कर्ज मंजूर' असा मेसेज आला, तर होय म्हणण्याआधी मुद्दल कधी सुरू होणार ते लेखी मागा आणि तो हप्ता जुन्या हप्त्यात मिळवून बघा. हातगाडी असेल तर पालिकेच्या कार्यालयात आपलं नाव यादीत आहे का ते विचारा. स्वनिधी अजून चालू आहे, पहिलं कर्ज आता 15 हजारांचं आहे. आणि उद्यम नोंदणी नसेल तर या आठवड्यात करून टाका. आधार आणि पॅन लागतं, पैसा लागत नाही.